सहा डोसांचा डोंगर

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात सपाट जमिनीवर कुणावर विश्वास ठेवला नाही. ओटीवर चहा पिणारा माणूस, बाजारात भेटलेला माणूस, देवळाच्या पायरीवर टेकलेला माणूस, हे सगळे त्यांच्या लेखी अजून तपासायचे राहिलेले. माणूस कळायचा तो चढावर, आणि चढ म्हणजे अवचितगडाचा. रोह्याच्या आसपास डोंगरांना काही तोटा नाही, पण दुसऱ्या डोंगरावर पारखलेला माणूस त्यांना चालत नसे. म्हैस घ्यायची झाली तर ते म्हशीकडे बघायचेसुद्धा नाहीत, विकणाऱ्याला म्हणायचे, "रविवारी सकाळी गडाखाली मेढ्याला या, जरा वर जाऊन येऊ." कौलं शाकारायला आलेला माणूस, मुलीला शिवण शिकवणाऱ्या बाईंचे यजमान, शेजारची जागा घेऊ पाहणारे मास्तर, सगळे एकेकदा वर जाऊन आलेले. त्या काळी रोह्याजवळच्या त्यांच्या वरसे गावात घरं कमी आणि भातशेतं जास्त. सासऱ्यांच्या कुंपणाला कुंपण लावायचं तर आधी डोंगर चढावा लागतो, हे रोह्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे गावात इमारती उठल्या, माणसं भराभर राहायला आली, आणि एवढ्या जणांना वर नेणं काही त्यांना जमेना. मग ते कुंपणाशी उभे राहून म्हणायचे, "वस्ती वाढली, पण वळखीचा एक नाय." नव्या शेजाऱ्यांपैकी दोघे तर त्यांना इतके बिचकून असत की दिवाळीचा फराळ बायकोच्या हाती पाठवायचे, स्वतः फिरकायचे नाहीत.

रोह्यातल्या एका जुन्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. आता तो हुद्दाही गेला आणि ती माणसंही गेली. पडद्यामागे उभं राहून लाल-पिवळी मिक्श्चरं कालवायची, बाटलीत भरायची आणि बाटलीच्या पोटावर कागदाची एक पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत; एक खाच म्हणजे एक डोस. सासऱ्यांच्या खाचा इतक्या एकसारख्या असत की आजार बरा झाल्यावरही लोक त्या बाटल्या टाकत नसत, त्यात खोबरेल भरून ठेवत. हात औषधात असले तरी त्यांचा कान मात्र पडद्याबाहेर असे. बाकावर येऊन बसलेल्या पेशंटाची धाप ते डॉक्टरांच्या आधी ऐकत. पायऱ्या चढून आलेली धाप वेगळी, दम्याची वेगळी, भीतीची वेगळी, आणि बायकोशी भांडून आलेल्याची तर अगदीच वेगळी. अशा पुष्कळ धापा ऐकून त्यांनी एक सिद्धान्त काढला होता. "माणूस दमला का खोटं बोलायला त्याच्यापाशी वारा उरत नाय. असंल तेवढ्या वाऱ्यात खरं तेवढंच बोलून घेतो." मी यावर पुष्कळ विचार केला आहे, पण खोडून काढता आलेलं नाही.

या सिद्धान्तातून त्यांनी आपल्या मालकालाही सोडलं नाही. म्हातारे डॉक्टर वारले आणि त्यांचा मुलगा मुंबईहून शिकून खुर्चीवर बसला, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं, "तुमच्या हाताखाली करायचं का नाय ते रविवारी ठरवू." बिचारा तरुण डॉक्टर मालक म्हणून डोंगर चढायला लागला आणि पेशंट म्हणून उतरला. तिसऱ्या टप्प्यावर त्याने धापा टाकत कबूल केलं, की इंजेक्शन देताना आपला हात अजून थरथरतो. सासरे एकदम खूश! दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनाच्या वेळी ते स्वतः पेशंटाचा दंड असा काही दाबून धरायला लागले, की थरथर डॉक्टरच्या हाताची की पेशंटाच्या दंडाची हे कुणाला कळू नये. वर्षभरात डॉक्टरांचा हात स्थिर झाला. दंड दाबणं मात्र चालूच राहिलं आणि त्याची तक्रार अर्ध्या रोह्याने केली.

डोंगरसुद्धा ते डोसांतच देत. मेढ्यापासून वरच्या बुरुजापर्यंत अवचितगडाचे त्यांनी सहा डोस पाडले होते. पहिला डोस आंब्याशी, दुसरा किंजळीच्या वाकड्या झाडाशी, तिसरा करवंदाच्या जाळीशी, असं करत सहावा शेवटच्या खड्या चढाच्या तोंडाशी. अंगात पांढरा सदरा, खाली खाकी अर्धी चड्डी, पायात कॅनव्हासचे बूट आणि बाराही महिने काखेत छत्री. खांद्याच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि दवाखान्यातला औषध मोजायचा छोटा काचेचा ग्लास. प्रत्येक डोसाला त्या ग्लासाने मापून एक माप पाणी मिळे. त्याहून जास्त मागितलं तर म्हणत, "औषध गोड लागलं म्हणून आख्खी बाटली पितात का?" मग समोरच्याने जागच्या जागी पाय झाडायचे, कारण बाटली काय नि माणूस काय, हलवून घ्यावा लागतो. मग एक प्रश्न. उत्तर यायच्या आधी ते मान तिरकी करून धाप ऐकत. या सगळ्यावर एक नियम असा, की वर पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. झाडीच्या फटीतून कुणी खालची नदी बघायला लागला तर छत्रीचं टोक खांद्यावर बसे. "डोस अर्धवट सोडायचा नाय," ते म्हणत. जंगल इतकं दाट, की वाटेत बघण्यासारखं फारसं काही नसेच. पण माणूस मोठा विचित्र, बघू नको म्हटलं की मान तिकडेच वळते.

आता यात मी कसा सापडलो ते सांगतो. मी पेणचा, गणपतीच्या कारखान्यात डोळे रेखणारा. पेणमध्ये मूर्ती घडवणारे हात पुष्कळ, पण डोळे रेखणारे मोजके. दिवसभर मांडी घालून बसायचं, आणि बुबुळाची रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा, कारण श्वास हलला की हात हलतो आणि हात हलला की देव चकणा होतो. एका वर्षी श्रावणात कारखान्याच्या दारात एक मुलगी उभी राहून माझं काम बघत होती. पेणला आत्याकडे आली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "ह्याचा डावा डोळा रागावलाय." मी चिडलो. एवढी वर्षं रेखतोय, आणि ही कोण मला शिकवणार! ती गेल्यावर बघितलं तर डोळा खरंच रागावलेला होता. मी तो दुरुस्त केला. त्यानंतर गणपती उठून गेले, नवरात्र गेलं, तरी ती काही डोक्यातून जाईना. शेवटी मामांना गाठलं. मला वडील नव्हते, माझ्या बाबतीत जे काही ठरवायचं ते मामांनी. मामांनी चौकशी केली आणि तोंड पाडून परत आले. "मुलगी चांगली आहे," म्हणाले, "पण बाप डोंगरावर नेतो."

माझ्या आधी तिघे जाऊन आले होते. पहिल्याने वाटेत "अजून किती" असं अकरा वेळा विचारलं म्हणून तो गेला. दुसरा नियम मोडून मागे बघत राहिला. तिसऱ्याची गोष्ट तर सासऱ्यांच्या सिद्धान्ताला सोन्याचं कोंदण. चौथ्या डोसाला त्याने रडतरडत सांगितलं की आपलं मन माणगावच्या एका मुलीवर आहे आणि घरचे ऐकत नाहीत. सासऱ्यांनी त्याला तिथेच बसवून दोन मापं पाणी पाजलं, आणि पुढच्या रविवारी त्याच्या वडिलांच्या घरी जाऊन त्याचं लग्न माणगावला ठरवून आले. लग्नात अक्षता टाकायलाही गेले. हे सगळं ठीक. पण स्वतःची मुलगी सव्वीस वर्षांची झाली होती, आई लहानपणीच गेलेली, आणि रोह्यात लोक म्हणायला लागले होते की कंपाउंडर मुलीचं लग्न डोंगराशीच लावून देणार. तिने आत्याकडून मला निरोप पाठवला, तो मला अजून पाठ आहे. "हा चौथा. याला नाय म्हणालात तर पाचव्यासाठी मी मेढ्याला यायची नाय, असं अप्पांना सांगितलंय." म्हणजे माझ्या एका चढावर तिचा जन्म आणि माझा जन्म टांगलेला. पेणच्या सपाट रस्त्यावर एसटी धरायला धावलो तरी माझ्या छातीचा भाता व्हायचा. निरोप ऐकून माझी पाचावर धारण बसली.

दिवाळीनंतरचा तो रविवार. मामा नवे कोल्हापुरी जोडे घालून आले होते. मेढ्याला एसटीतून उतरलो तर सासरे छत्री घेऊन उभे, आणि मागे ती, हातात डबा घेऊन. मुलीला असं पाहुण्यांबरोबर रानात नेणं मामांना रुचलं नाही. सासरे म्हणाले, "औषधात काय हाय ते पेशंटाला दिसाया नको?" ती आमच्या पुढे चालायला लागली, ती अशी की जणू परड्यात तुळशीला पाणी घालायला निघाली आहे. पहिल्या डोसाला, आंब्याशी, मामांनी जोडे काढले आणि पाय चोळत म्हणाले, "दुरून डोंगर साजरे, असं आपली जुनी माणसं उगाच म्हणत नसत." एवढं बोलून त्यांनी पंचा पसरला. आमच्या पक्षाची सगळी वडीलधारी मंडळी पहिल्याच डोसाला आडवी झाली.

आता मी एकटा. दुसऱ्या डोसापर्यंत माझ्या कानात ढोल वाजायला लागले. पण मी घरून एक बेत करून आलो होतो. धापेवरून हा माणूस सगळं ओळखतो ना, मग धाप त्याच्या हाती लागूच द्यायची नाही! जन्मभर श्वास रोखूनच तर पोट भरत होतो. थांबा आला की मी तोंड मिटायचो, समोरच्या झाडावर एक डोळा आहे असं मानायचो, आणि त्या डोळ्याची रेघ मनात ओढायला लागायचो. सासरे मान तिरकी करून ऐकायचे. आवाज शून्य. ते दुसरा कान लावायचे. तरी शून्य. "जेवणात जास्त काय आवडतं?" त्यांनी विचारलं. मी नाकातून एवढंच म्हटलं, "सगळं." तिसऱ्या डोसाला, "राग येतो का?" मी म्हटलं, "नाही." माझं बनियन पिळून घ्यावं इतकं ओलं झालं होतं, डोळ्यांपुढे काजवे नाचत होते, पण धाप म्हणून नाही. मला वाटत होतं, बेटा जिंकलास. चढताना त्यांची पाठ माझ्याकडे असायची तेव्हा मी गुपचूप तोंड वासून श्वास भरून घ्यायचो.

चौथ्या डोसाच्या जरा पुढे वरून एक कातकरी म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरत होती. सासऱ्यांची जुनी ओळख. मोळी न उतरवता ती थांबली आणि मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "कंपाउंडर, ह्यो चवथा ना?"

"व्हय गो. चवथाच."

"घामानं तर निथळतोय. आन् धाप कुठं ठेवली यानं?"

"तेच बघतोय मी बी," सासरे म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी दिसली. म्हातारी मान हलवत उतरून गेली. पाचव्या डोसाला त्यांनी मला प्रश्नच विचारला नाही. पाणी दिलं, तेही माझ्याकडे न बघता. बेत जास्तच चांगला जमला होता हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सहाव्या डोसाला ते दगडावर बसले, ग्लास रुमालाने पुसून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "पावणे, इथनं खाली जाऊया. पुढं काय अर्थ नाय. मुलगी देता येयाची नाय मला." मी नुसता बघत राहिलो, कारण तेव्हाही तोंड मिटलेलंच होतं. "राग मानू नका. तुमी वाईट असाल असं मी म्हणत नाय. पण सगळीकडं कान लावला आन् सगळीकडं दार बंद. ज्याला धाप लागत नाय असा माणूस देवानं केला नाय. म्हंजे तुमी लपवताय. आज माझ्यापासनं लपवताय, उद्या हिच्यापासनं लपवाल. ताकाला येऊन भांडं लपवणारा जावई मला नको." ती वरच्या वळणावर थांबली होती. डबा तिने खाली ठेवला होता आणि आमच्याकडे पाठ करून उभी होती. त्या पाठीवरून मला जे कळलं त्यानंतर बुद्धी चालवणं शक्य नव्हतं.

मी बोलायला तोंड उघडलं, आणि सहा डोसांची साठवलेली धाप एकदम बाहेर पडली. खोकला आला, शिंक आली, मी मटकन खाली बसलो. भात्यासारखी छाती वरखाली होत होती आणि मधल्या फटीतून शब्द सुटत होते. "लपवलं," मी म्हटलं, "डोळे रेखतो... श्वास धरायची... सवय आहे... दुसऱ्या डोसालाच... परत जावंसं वाटलं... राग येतो मला... फार येतो... तोंडलीची भाजी आवडत नाही... हिने त्या दिवशी... डावा डोळा दाखवला... तेव्हाही राग आला... पण बरोबर होतं तिचं... तेव्हापासून दुसरं... काही सुचत नाही... तुम्ही नाही म्हणाल... या भीतीने..." पुढे वाराच संपला. सासऱ्यांचा चेहरा काय उजळला म्हणता! त्यांनी छत्री फेकली, माझ्या पाठीला चक्क कान लावला आणि म्हणाले, "बोला, बोला, थांबू नका! वा! काय धाप हाय!" माझा जीव जातोय आणि हा माणूस गाणं ऐकल्यासारखा डोलतोय. शेवटी ती खाली आली, पिशवीतून पाण्याची बाटली उपसली आणि माप-बिप काही न बघता माझ्या हातात दिली. "अप्पा, पुरे," ती म्हणाली, "मरंल तो." मी आख्खी बाटली प्यालो. कुणी हरकत घेतली नाही.

मग आम्ही वर गेलो. बुरुजावर पोचल्यावर सासऱ्यांनी माझ्या खांद्याला धरून म्हटलं, "आता फिरा." फिरलो, आणि मागे बघू न देण्याच्या नियमाबद्दल मी त्यांना त्याच क्षणी सगळी माफी देऊन टाकली. सकाळपासून झाडांच्या बुंध्यांखेरीज काही न दिसलेल्या माणसाला कुणीतरी एकदम सगळा मुलूखच दाखवावा, तसं झालं. खाली कुंडलिका वळणं घेत खाडीकडे निघालेली, रोह्याची कौलं, कापणी झालेली पिवळी शेतं आणि त्यांत नुकत्या उगवलेल्या वालाचे हिरवे तुकडे. पलीकडे सह्याद्रीची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत. नागोठण्याच्या रस्त्यावरून एक तांबडी एसटी मुंगीच्या गतीने येत होती. मी धापा टाकतच होतो, आणि आता मला त्याची लाज वाटत नव्हती.

"तुमचं पेण कुठं?" सासऱ्यांनी विचारलं. मी थोडा वेळ बघितलं आणि उत्तरेच्या डोंगरांकडे हात केला. "त्यांच्या मागे. इथून दिसत नाही."

"दिसत नाय," ते म्हणाले. "मला ठाऊक हाय. म्हणून तुमचं स्थळ आलं तवाच नाय म्हणणार होतो. आधीच्या तिघांचं तसं नव्हतं, त्यांची गावं इथनं दिसतात." मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "एसटीला किती टाइम लागतो?" मी सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. सबंध डोंगर चढून ज्या माणसाचा श्वास जरासुद्धा वर-खाली झाला नव्हता, तो आता रस्त्यावरच्या त्या एसटीकडे बघत मोठमोठे श्वास घेत होता. ही डबा उघडून घावन काढत होती, तिने मान वर केली नाही. म्हशीवाले, मास्तर, डॉक्टर यांच्या परीक्षा झाल्या असतील, त्यांचं मला माहीत नाही. पण त्या बुरुजावर त्या दिवशी परीक्षा द्यायला कोण बसलं होतं, ते मला दिसलं आणि वाईट वाटलं. मी त्या मुलीला त्यांच्याकडून घेऊन जायला आलो होतो, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घावन खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "चला, मामांना उठवूया. साखरपुड्याचं बोलायचं तर शुद्धीवरचा माणूस पायजे."

लग्न झालं, आणि आमच्या घरात त्यांचा एकच कायदा लागू राहिला. ही माहेरी गेली की परतायच्या दिवशी वरसे गावात काहीतरी अडचण निघायचीच. कधी तिची चप्पल सापडायची नाही, कधी निघायच्या वेळेला सासऱ्यांना वालाची उसळ खावीशी वाटायची आणि वाल तर अजून सोलायचे असायचे. "पुढच्या गाडीनं जा गो, गाड्या काय संपल्या?" गाड्या एसटीच्या होत्या तोपर्यंत असं, रोह्याला रेल्वे आली तेव्हाही तसंच. एकदा तर त्यांनी नातवाला वेळापत्रकच चुकीचं सांगितलं होतं. मुलं मोठी झाली, आजोबांबरोबर सहा डोस घेऊन आली, आणि सपाटीवर जे आम्हाला कधी सांगितलं नसतं ते सगळं आजोबांना सांगून आली. माझ्या मुलाला गणपतीच्या कारखान्यात नाही, डोलवीच्या कंपनीत नोकरी करायची आहे, हे मला सासऱ्यांकडून कळलं. "पाचव्या डोसाला बोलला," ते म्हणाले, "म्हंजे खरं हाय. आडवू नका." मी अडवलं नाही. मुलगा आता तिथे शिफ्टला जातो आणि खूश आहे.

मग सासऱ्यांची छाती दुखायला लागली. ज्यांच्या पेशंटांचे दंड त्यांनी वर्षानुवर्षं दाबून धरले, त्याच डॉक्टरांनी, आता स्वतः पिकल्या केसांच्या, चढ कायमचा बंद म्हणून सांगितलं. सासऱ्यांनी ते ऐकलं, याचंच आम्हाला जास्त भय वाटलं. ते ओटीवर खुर्ची टाकून बसून राहायला लागले. थंडीतल्या एका रविवारी आम्ही गेलो होतो. चहा झाल्यावर मला म्हणाले, "जावईबापू, एक काम करा. वर जाऊन या. काय दिसतं ते मला येऊन सांगा."

मीही काही तरुण राहिलो नव्हतो. तरी गेलो. एकटाच, सहा ठिकाणी थांबून, मागे न बघता. वर पोचून फिरलो तर सगळीकडे धुरकं पसरलेलं. नदी कशीबशी दिसत होती. उत्तरेचे डोंगर तर पुसून टाकल्यासारखे. दुपारी घरी आलो तेव्हा ते तसेच खुर्चीत होते. मी सगळं सांगायला लागलो. नदी सांगितली, वाल सांगितले, झाडं कुठली पडली आणि कुठली वाढली ते सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच "आणखी?" म्हणत होते. मग त्यांनी डोळे उघडले.

"तुमच्या पोराच्या कंपनीच्या चिमण्या लय उंच हायत म्हणे. डोलवीच्या. त्या दिसतात का हो वरनं? डोलवी म्हंजे पेणच्या दारातच की."

ते माझ्याकडे बघत होते. धाप केव्हाच उतरली होती, चहा पिऊन मी अगदी शांत बसलो होतो.

"दिसतात," मी म्हटलं.

"धूर?"

"सरळ वर जात होता."

"म्हंजे वारा नाय तिकडं. बरं हाय." ते खुर्चीत मागे टेकले. मग आतल्या दिशेने त्यांनी हाक मारली, "गो, आवर. चारची गाडी चुकवू नको. वेळेत घरी पोच." ही पिशवी हातात घेऊन उंबऱ्यातच थबकली. लग्न झाल्यापासून इतक्या वर्षांत वडिलांनी तिला पहिल्यांदाच नीघ म्हटलं होतं. ती त्यांच्या पाया पडली, आणि आम्ही चारची गाडी वेळेवर पकडली.

पेण जवळ आलं तसं धुरकं विरळ झालं आणि खिडकीतून कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या. ही बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग तिने हळूच विचारलं, "अहो, ह्या खरंच दिसतात तिथून?"

"अप्पांना दिसतात," मी म्हटलं.